लेकरू ख्रिस्ती विद्यापीठात गेलं: बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या पालकांनी पहिल्या सेमिस्टरला काय काय करून ठेवावं

ॲडमिशनची धावपळ संपते, ट्रंक हॉस्टेलवर पोचते आणि मग फोनवर एकच उत्तर येत राहतं: "सगळं बरं हाय की, कशाला काळजी करता?" बहुतेक वेळा ते खरंही असतं. पण ऑक्टोबरमध्ये हजेरी कमी पडल्याचं पत्र येतं आणि लक्षात येतं की ही बातमी ऑगस्टपासून विद्यापीठाच्या पोर्टलवर होती, फक्त आपल्यापर्यंत आली नव्हती. न येण्यामागं फार मोठं कारण नसतं. फॉर्मवर फोन नंबर मुलाचाच लिहिलेला असतो, पोर्टल कधी उघडलेलं नसतं आणि विचारायचं तर कुणाला, हे ठाऊक नसतं. वर्ग सुरू झाल्यापासून पंधरा दिवसांत हे सगळं मार्गी लावता येतं. पुढचा मजकूर ख्रिस्ती घरांसाठी आहे, तसाच फादर-सिस्टरांच्या संस्थेत पहिल्यांदाच मूल पाठवणाऱ्या इतर घरांसाठीही.

आधी संस्था कोणत्या प्रकारची ते पाहा

बेळगावात सेंट पॉल्समध्ये (स्थापना १८५६) किंवा कॅम्पातल्या कॉन्व्हेंटमध्ये मुलं घातलेल्या पालकांना वाटतं, ख्रिस्ती संस्था म्हणजे सगळ्या एकसारख्या. शाळेत फादरना गेटवर गाठून काम होत होतं, विद्यापीठात तसं होत नाही. शिवाय 'विद्यापीठ' हा शब्दही सगळीकडे एका अर्थानं वापरत नाहीत. बंगळुरूचं ख्राइस्ट १९६९ मध्ये कॉलेज म्हणून सुरू झालं आणि २००८ पासून अभिमत (डीम्ड) विद्यापीठ आहे. मंगळुरूच्या सेंट अलॉयशियसची स्थापना १८८० ची, अभिमत दर्जा २०२४ चा. बंगळुरूचं सेंट जोसेफ्स १८८२ चं, आता राज्याच्या कायद्यानं विद्यापीठ झालेलं. मुंबईचं सेंट झेवियर्स (१८६९) स्वायत्त कॉलेज आहे: परीक्षा स्वतःची, पदवी मुंबई विद्यापीठाची. हे माहीत असलं की मार्कांची तक्रार, निकालातली चूक, पदवीचा दाखला यांसाठी कुठलं दार ठोठवायचं ते कळतं. अभिमत विद्यापीठात सगळं त्याच आवारात असतं. संलग्न किंवा स्वायत्त कॉलेजात काही कागद मूळ विद्यापीठातून येतात आणि त्यांना वेळ लागतो.

दुसरा फरक पंथाचा. वर सांगितलेल्या संस्था कॅथलिक आहेत, तिथं रविवार सुट्टीचा. पुण्याचं स्पायसर हे ॲडव्हेंटिस्ट पंथाचं विद्यापीठ आहे, तिथं शुक्रवारी सूर्यास्तापासून शनिवारी सूर्यास्तापर्यंत शब्बाथ (विसाव्याचा पवित्र दिवस) पाळतात. निपाणीहून शनिवारची सुट्टी धरून फी भरायला गेलात तर ऑफिस बंद सापडणार. गाडीचं तिकीट काढायच्या आधी हे विचारून घ्या.

नाव आणि नंबर: इथंच जास्त अडतं

सीमाभागातल्या मुलांच्या कागदांवर नावांचा घोळ हमखास असतो. एसएसएलसीच्या, म्हणजे दहावीच्या, मार्क्स कार्डवर आडनाव आधी, म्हणजे 'पाटील रोहन गणपती'. आधारवर 'रोहन जी. पाटील'. बँकेत 'रोहन गणपत पाटील'. ज्ञानेश्वर हे नाव मराठी पद्धतीनं इंग्रजीत 'डी'नं सुरू होतं, कन्नड पद्धतीनं 'जे'नं. वाचणाऱ्या माणसाला हे सगळे एकच वाटतात, संगणकाला तीन वेगळी माणसं वाटतात. मग शैक्षणिक क्रेडिट बँकेचा (जिथं पास झालेल्या विषयांची क्रेडिटं जमा होतात) बारा अंकी नंबर निघत नाही, स्कॉलरशिप अडकते, परीक्षेचा फॉर्म 'नाव जुळत नाही' म्हणून परत येतो.

उपाय असा. दहावीचं मार्क्स कार्ड पाया धरा. आधार त्याच्याशी जुळवून घ्या, मग बँक खातं आधारशी. हा क्रम उलटा केला तर काम दोनदा करावं लागतं. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं आणि जन्मतारीख एकदाच. म्हणून केंद्रावर जाताना मार्क्स कार्डची झेरॉक्स घेऊन जा आणि ऑपरेटरनं टाईप केलेलं नाव पावतीवर अक्षर न् अक्षर वाचल्याशिवाय उठू नका.

आता फोन नंबर. प्रवेशाचा फॉर्म बहुधा मूलच भरतं आणि 'पालकांचा मोबाईल' या रकान्यात स्वतःचा दुसरा नंबर टाकतं. त्यात प्रत्येक वेळी लबाडी असते असं नाही, ओटीपी पटकन मिळावा म्हणूनही टाकतात. पण हजेरीचे मेसेज, हॉस्टेलच्या आउटपासची परवानगी, फीची आठवण हे सगळं त्याच नंबरावर जातं. पहिल्याच भेटीत ऑफिसात जाऊन आपला नंबर नोंदवा आणि तिथंच एक चाचणी मेसेज मागा. जांबोटी, कणकुंबीकडच्या गावांत पावसाळ्यात दोन-दोन दिवस रेंज नसते आणि आउटपासचा ओटीपी काही मिनिटांतच बाद होतो. अशा घरांनी दुसरा नंबर म्हणून बेळगाव किंवा खानापूर गावात राहणाऱ्या मामा-आत्याचा नंबर द्यावा. नातं फॉर्मवर स्पष्ट लिहावं, आणि त्या माणसाला 'मेसेज आला तर आम्हाला विचारून मगच परवानगी दे' असं बजावून ठेवावं.

याच फेरीत रॅगिंगविरोधी हमीपत्राचं बघा. ते विद्यार्थी आणि पालक दोघांनीही, दरवर्षी, ऑनलाईन भरायचं असतं. भरल्यावर येणारा नोंदणी क्रमांक वहीत लिहून ठेवा. क्रमांक नाही म्हणून परीक्षेचं ओळखपत्र अडवणारी ऑफिसं आहेत.

कुणाला फोन करायचा

घाबरलेले पालक बहुधा थेट प्राचार्यांना किंवा कुलसचिवांना फोन लावतात. ते मीटिंगमध्ये असतात, फोन उचलत नाहीत, आणि 'हे लोक भेटत नाहीत' असं घरी ठरून जातं. अभ्यास आणि हजेरीसाठी प्रत्येक वर्गाला एक मेंटर किंवा क्लास टीचर नेमलेला असतो. राहणं, जेवण, आजारपण, ये-जा याला वॉर्डन. तिसरं ठिकाण म्हणजे विभागाचं ऑफिस, तिथला क्लार्क. सर्क्युलर पहिल्यांदा त्याच्या टेबलावर येतं, त्यामुळं त्याच्याशी नीट बोलून असलेलं बरं. या तिघांचे नंबर आणि भेटण्याच्या वेळा पहिल्या महिन्यातच घ्या. वर्गाच्या वेळेत फोन करू नका. आधी दोन ओळींचा मेसेज टाका, त्यात मुलाचं नाव, रजिस्टर नंबर, वर्ग आणि विषय असू द्या. रजिस्टर नंबराशिवाय 'मी अमक्याचा पप्पा बोलतोय' एवढ्यावर साठ-सत्तर मुलांच्या वर्गातून कुणी ओळखत नाही.

भाषेचा प्रश्न येतो. बंगळुरू-मंगळुरूत ऑफिसला कन्नड किंवा इंग्रजी चालतं. आपल्याकडच्या बहुतेकांना बाजारातलं कन्नड येतं आणि तेवढं पुरतं, लाजायचं काही कारण नाही. लेखी अर्ज मात्र इंग्रजीत, अर्ध्या पानाचा: तारीख, कुणाला, विषय, रजिस्टर नंबर, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, कारण, सोबत जोडलेले कागद, सही आणि फोन. त्यात घरची सगळी अडचण मांडत बसू नये.

कसं हाक मारायची हेही सांगून ठेवतो. कॅथलिक धर्मगुरू ते फादर, व्रतस्थ पण धर्मगुरूपदाची दीक्षा न घेतलेले ते ब्रदर, धर्मभगिनी त्या सिस्टर. प्रोटेस्टंट संस्थेत पास्टर किंवा रेव्हरंड. डॉक्टरेट असलेल्या फादरांना 'सर' म्हटलं तरी कुणी रागावत नाही.

हजेरी: गणपतीला घरी आणायच्या आधी हा हिशेब करा

बऱ्याच विद्यापीठांत ७५ टक्के हजेरी लागते. काही ख्रिस्ती संस्थांत ८५ टक्के लागते आणि ती काटेकोर पाळली जाते. हा दहा टक्क्यांचा फरक कागदावर लहान दिसतो, प्रत्यक्षात काय होतं ते पाहा.

एका विषयाचे आठवड्याला ४ तास, १५ आठवडे, म्हणजे ६० तास. ७५ टक्क्यांला ४५ तास बसावं लागतं, १५ चुकले तरी चालतात. ८५ टक्क्यांला ५१ तास बसावं लागतं, फक्त ९ चुकवता येतात. आता गौरीचं जेवण आटपून येतो म्हणून आठवडा घरी राहिलं: ४ गेले. सप्टेंबरात व्हायरल तापानं आठवडा गेला: आणखी ४. शिल्लक १. दिवाळी अजून यायची आहे.

उशिरा जागं झालं तर सावरता येतं का? अर्ध्या सेमिस्टरला ३२ पैकी २४ तास हजेरी, म्हणजे ७५ टक्के. राहिले २८. ५१ ची रेषा गाठायला त्यातले २७ बसायलाच हवेत. म्हणजे पुढच्या सात आठवड्यांत एकच तास चुकला तर चालेल. म्हणून हा हिशेब ऑगस्टअखेर एकदा आणि सप्टेंबरअखेर एकदा करायचा. पोर्टलवर एकूण टक्का दिसतो तो बघून थांबू नका, प्रत्येक विषयाचा वेगळा आकडा उघडा. एकूण ८८ दिसतं आणि सकाळी आठच्या एका विषयात ७० असतं, असं वारंवार होतं. कारण उघड आहे, तो पहिला तास असतो.

आजारपणाचं सर्टिफिकेट दिलं की हजेरी मिळते हा गैरसमज आहे. बहुतेक ठिकाणी ते फक्त कमी पडलेली हजेरी माफ करण्याच्या अर्जाला जोडता येतं आणि त्यालाही खालची मर्यादा असते. सर्टिफिकेट बरं झाल्यावर लगेच, मुदतीत द्यायचं. सेमिस्टरच्या शेवटी गावच्या डॉक्टरकडून मागच्या तारखेचं आणलेलं सर्टिफिकेट ऑफिसला लगेच ओळखू येतं. क्रीडा, एनसीसी, सांस्कृतिक कार्यक्रमासाठी गेलेले तास 'ऑन ड्यूटी' म्हणून परत मिळतात, पण त्याचा फॉर्म मुलानं त्याच आठवड्यात शिक्षकाच्या सहीनं द्यायला लागतो. तो राहून जातो, हे विचारायचं काम घरच्यांचं.

दोन दिनदर्शिका शेजारी टांगा

घरच्या कालनिर्णयाशेजारी विद्यापीठाची शैक्षणिक दिनदर्शिका लावा आणि त्यावर चर्चचे दिवस लाल पेनानं मारा. ईस्टरची तारीख दरवर्षी हलते: २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार तो ईस्टर. चर्च ही पौर्णिमा स्वतःच्या कोष्टकानं मोजतं, त्यामुळं पंचांगाशी एखादा दिवस इकडे-तिकडे होऊ शकतो. २०२७ मध्ये राखेचा बुधवार १० फेब्रुवारीला, गुड फ्रायडे २६ मार्चला आणि ईस्टर २८ मार्चला आहे. राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंतचे, रविवार वगळून ४० दिवस उपासकाळाचे. या काळात कॅथलिक हॉस्टेलांच्या मेसमध्ये शुक्रवारी मांसाहार बहुधा नसतो, मोठे जल्लोषाचे कार्यक्रमही कमी होतात. मुलानं 'जेवण बिघडलंय' म्हणून फेब्रुवारी-मार्चात तक्रार केली तर आधी वार विचारा.

संस्थेच्या आश्रयसंताचा दिवसही बघून ठेवा, कारण त्या दिवशी ऑफिस अर्धा दिवस किंवा पूर्ण बंद असू शकतं. जोसेफ १९ मार्च, अलॉयशियस २१ जून, इग्नेशियस ३१ जुलै, फ्रान्सिस झेवियर ३ डिसेंबर. किनारपट्टीकडे ८ सप्टेंबरला मारियेचा जन्मदिवस आणि नव्या पिकाचा सण मोठा असतो. गणपती जवळच असतो, त्यामुळं मंगळुरूच्या मुलाला दोन्ही सुट्ट्या जोडून मिळतील असं पालक धरून चालतात. एखाद्या वर्षी जुळतं, दरवर्षी नाही.

१ नोव्हेंबर हा दिवस आपल्याकडच्या मुलांना वेगळा सांगावा लागतो. बेळगावात त्या दिवशी काय वातावरण असतं ते इथं लिहायला नको. बंगळुरूच्या कॅम्पसवर तोच दिवस राज्योत्सवाचा, पिवळ्या-लाल कपड्यांचा आणि गाण्यांचा असतो, आणि कॅथलिक दिनदर्शिकेत सर्व संतांचा सण. हॉस्टेलच्या खोलीत सीमाप्रश्नावर वाद घालून काही निष्पन्न होत नाही, आणि मोबाईलवर स्टेटस ठेवून तर नाहीच नाही. त्या तारखेच्या आगेमागे बेळगाव-बंगळुरू प्रवासही ठेवू नका.

प्रार्थना, मिस्सा आणि सक्ती

ख्रिस्ती नसलेल्या घरांतून सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हा. संविधानाच्या कलम २८(३) नुसार मान्यताप्राप्त किंवा अनुदानित संस्थेत कुणालाही संमतीशिवाय धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला बसवता येत नाही. मूल अठरा वर्षांखालचं असेल तर पालकांची संमती लागते. दुसऱ्या बाजूला कलम ३० नं अल्पसंख्याकांना स्वतःच्या संस्था चालवण्याचा हक्क दिलेला आहे, म्हणून आवारात क्रूस, चॅपल, सकाळची छोटी प्रार्थना हे सगळं असणारच.

व्यवहारात फरक असा धरा. पहिल्या तासाआधी स्पीकरवर प्रार्थना होते, तेव्हा शांत उभं राहावं, म्हटली नाही तरी चालतं. मूल्यशिक्षणाचा तास हा वेळापत्रकातला विषय आहे. त्याला हजेरी आहे, बऱ्याच ठिकाणी क्रेडिटही आहे, तो 'धर्माचा तास' म्हणून चुकवला तर हजेरी जाते. मिस्सा (कॅथलिकांची सामुदायिक उपासना) किंवा इतर उपासना ऐच्छिक. मैत्रिणीबरोबर मिस्साला गेलेल्या मुलीनं मागच्या बाकावर बसावं, सगळे उभे राहतात तेव्हा उभं राहावं, आणि पवित्र भाकर घ्यायला रांग लागते तेव्हा जागेवरच थांबावं. कॅथलिक मिस्सात ती भाकर कॅथलिकांसाठीच असते. कुणी सांगितलेलं नसतं म्हणून मुलं रांगेत जातात आणि मग ओशाळतात.

ख्रिस्ती घरांनी वेगळी तयारी करावी. अल्पसंख्याक कोट्यातून प्रवेश असेल तर बाप्तिस्म्याचा दाखला आणि आपल्या धर्मगुरूंचं किंवा पाळकांचं पत्र मूळ प्रतीत लागतं. बाप्तिस्म्याच्या वहीतलं नाव आणि मार्क्स कार्डवरचं नाव वेगळं असणं हे आपल्याकडे नेहमीचं आहे, तेव्हा दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत असं पत्रात लिहून घ्या. बेळगाव धर्मप्रांतातल्या मुलांना कन्नड किंवा कोंकणी मिस्साची सवय असते, तशी मिस्सा बंगळुरूत मिळते. मराठी उपासना मात्र शोधावी लागते. कॅम्पसवर कॅथलिक विद्यार्थ्यांची ऐकफ (१९२४ पासून) आणि इव्हँजेलिकल विद्यार्थ्यांची यूईएसआय (१९५४ पासून) या जुन्या, देशभर पसरलेल्या संघटना आहेत. नाव न ऐकलेल्या एखाद्या गटात मूल दर रविवारी जायला लागलं तर गट कोण चालवतं ते कॅम्पस मिनिस्ट्रीच्या (आवारातलं धार्मिक काम बघणाऱ्या विभागाच्या) फादरना किंवा पास्टरना विचारा. त्यांना माहिती असते.

हॉस्टेल, आउटपास आणि डब्यातला खाऊ

हॉस्टेलच्या फॉर्ममध्ये स्थानिक पालकाचं नाव, फोटो आणि ओळखपत्र लागतं. इथं लोक शहरातला कुठलाही नातेवाईक लिहून मोकळे होतात. मामा यलहंक्याला आणि कॉलेज होसूर रोडला असेल तर रात्री ताप चढल्यावर मामाला पोचायला दोन तास लागतील. रस्त्यानं तासाभराच्या आत येऊ शकणारा माणूस निवडा, नातं लांबचं असलं तरी चालेल. फोटो चालू वर्षाचा द्या. गेटवरचा वॉचमन फॉर्मवरच्या फोटोशी चेहरा ताडून बघतो.

आउटपास दोन प्रकारचे: संध्याकाळी ठरलेल्या वेळेपर्यंत परत येण्याचा, आणि रात्रभर बाहेर राहण्याचा. दुसऱ्याला पालकांची परवानगी लागते. शुक्रवारी दुपारी ऐनवेळी मागितलेली परवानगी वॉर्डन नाकारते तेव्हा ती आडमुठेपणा करत नसते. तिला रात्री कोण आत, कोण बाहेर याचा आकडा द्यावा लागतो. बुधवारपर्यंत अर्ज गेला की सहसा अडचण येत नाही.

खाऊ पाठवताना हवा लक्षात घ्या. शेंगदाण्याची चटणी, जवसाची चटणी, गोकाकचा करदंट, बेसनाचे लाडू हे हॉस्टेलच्या कपाटात नीट टिकतात. कुंदा दुधाचा, त्याला प्रवासात आंबूस वास लागतो, तो पहिल्या दोन दिवसांत संपवायला सांगा. मांडे टिकतात, पण डब्यात दाबून भरले तर चुरा होतो, सपाट पत्र्याच्या डब्यात कागद घालून ठेवा. सुक्या मासळीचं पार्सल कृपा करून पाठवू नका. अख्ख्या मजल्यावर वास जातो आणि वॉर्डनचा फोन तुम्हालाच येतो. रात्रीच्या खासगी ट्रॅव्हल्सनं पार्सल सकाळी बंगळुरूत पोचतं. त्यावर मुलाचं नाव, फोन आणि उतरवायचा थांबा मोठ्या अक्षरांत लिहा, ड्रायव्हरचा नंबर मुलाला कळवा, आणि ते पहाटे उठणार आहे ना याची खात्री करा.

तिकीट

रेल्वेचं आरक्षण आता प्रवासाच्या ६० दिवस आधी, सकाळी ८ वाजता उघडतं. पूर्वी ही मुदत १२० दिवसांची होती, नोव्हेंबर २०२४ पासून बदलली. २०२६ ची गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला, सोमवारी. शुक्रवारी ११ तारखेच्या रात्री बंगळुरूहून राणी चन्नम्मा धरायची असेल तर तिकीट १३ जुलैला सकाळीच काढायचं. परतीचंही त्याच आठवड्यात. जुलैत मुलाला वर्गाचं वेळापत्रकसुद्धा नीट कळलेलं नसतं, म्हणून हे काम घरच्यांनी करावं. ऑगस्ट २०२५ पासून बेळगाव-बंगळुरू वंदे भारतही आहे: बेळगावहून पहाटे, बंगळुरूहून दुपारी. शुक्रवारी वर्ग सोडून ती गाडी पकडली तर हजेरीच्या वहीत दोन-तीन तास कमी झाले असं समजा.

पुणे-मुंबईकडे मूल असेल तर सीमेवरच्या बातम्या बघत चला. वातावरण तापलं की दोन्ही राज्यांच्या एसटी बस कोगनोळी नाक्यापाशी थांबवल्या जातात आणि प्रवाशांना मध्येच उतरावं लागतं. अशा वेळी रेल्वे किंवा खासगी बस बरी. पावसाळ्यात पंचगंगेच्या पुरानं २०१९ आणि २०२१ मध्ये शिरोलीजवळ हायवेच बंद झाला होता. मंगळुरूच्या वाटेवर जुलै २०२४ मध्ये अंकोल्याजवळ शिरूरला दरड कोसळून रस्ता अडला. जुलै-ऑगस्टमध्ये भेटायला जायचं टाळलेलं उत्तम. जायचंच असेल तर परतीला एक दिवस मोकळा ठेवा.

स्कॉलरशिप

कर्नाटकात शिकणाऱ्यांचा अर्ज राज्याच्या एसएसपी (स्टेट स्कॉलरशिप पोर्टल) या पोर्टलवर होतो. नाडकचेरीतून मिळालेल्या उत्पन्नाच्या आणि जातीच्या दाखल्यावरचा आरडी नंबर त्यात टाकावा लागतो. बाकी कागदांचं ई-अटेस्टेशन कॉलेजात होतं. पैसे आधारला जोडलेल्या खात्यात जातात. खात्याला आधार दिलेला असणं आणि अनुदान जमा होण्यासाठी तेच खातं जोडलेलं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अर्ज मंजूर होऊन पैसे न येण्याचं कारण बहुतेक वेळा हेच. बँकेत जाऊन 'एनपीसीआय मॅपिंग झालंय का' असं नेमकं विचारा. आई-वडिलांच्या नावाची दोन-तीन जुनी खाती असतील तर त्यातलं चुकीचं जोडलेलं निघतं, मुलाच्या बाबतीतही शाळेत काढलेलं जुनं खातं आड येतं. महाराष्ट्रात शिकणाऱ्यांची वाट वेगळी असते, कॉलेजच्या स्कॉलरशिप टेबलावर पहिल्याच महिन्यात विचारावं.

धाकट्या भावंडाचा विचार चालू असेल तर एवढं टिपून ठेवा: महाराष्ट्रातल्या सीईटीच्या प्रवेशांत वादग्रस्त सीमाभागातल्या मराठी मातृभाषेच्या मुलांसाठी 'ई' प्रकार आहे. शाळा त्या भागातली असल्याचा आणि मातृभाषेचा असे दोन दाखले त्याला लागतात, ते बारावीच्या निकालाआधी तयार असले तर ऐनवेळी पळापळ होत नाही.

बिघडलं तर

रॅगिंगसाठी देशभरचा फुकट नंबर १८००-१८०-५५२२, चोवीस तास चालतो, नाव न सांगताही तक्रार देता येते. मन थाऱ्यावर नसेल, झोप-जेवण तुटलं असेल तर टेलिमानस १४४१६, तिथं मराठीत आणि कन्नडमध्येही बोलता येतं. बहुतेक ख्रिस्ती विद्यापीठांत समुपदेशन केंद्र असतं आणि ते चांगलं चालतं. तिकडे जाणं म्हणजे 'डोकं फिरलंय' असं घरात कुणी म्हणू नये, एवढी काळजी मोठ्यांनी घ्यावी.

मार्क, फी, कागद अडवणं अशा तक्रारींची वाट वेगळी: मेंटर, विभागप्रमुख, मग विद्यार्थी तक्रार निवारण समिती. २०२३ च्या यूजीसी नियमांप्रमाणे समितीनं १५ कामाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो, आणि तो पटला नाही तर पुढच्या १५ दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालांकडे जाता येतं. लेखी द्या, पोच घ्या. फोनवर झालेलं बोलणं कुठंच नोंदलं जात नाही. मुलीला लैंगिक त्रासाची तक्रार करायची असेल तर ती या वाटेनं जात नाही, त्यासाठी अंतर्गत समिती असते आणि तिच्या सदस्यांची नावं नोटीस बोर्डावर लावणं संस्थेला बंधनकारक आहे. हजेरीचे आणि फीचे कागद बघायला पहिल्यांदा जाल तेव्हाच त्या बोर्डाचा फोटो काढून आणा.

सेमिस्टर संपताना

शेवटच्या पेपरच्या आठवड्यात खोली रिकामी करायची की सामान ठेवता येतं हे वॉर्डनला पंधरा दिवस आधी विचारा. ठेवता येत असेल तर ट्रंकेला कुलूप आणि नावाची पट्टी लागते, गादी गुंडाळून बांधावी लागते. ग्रंथालय, प्रयोगशाळा, मेस आणि हॉस्टेल यांचं 'नो ड्यूज' एका दिवसात होत नाही. मेसचे उरलेले पैसे परत मिळायचे असतील तर खाते क्रमांक त्याच फॉर्मवर लिहायचा असतो. पुढच्या सेमिस्टरच्या फीची तारीख बहुतेक वेळा सुट्टीतच येते, उशीर झाला की दंड दिवसागणिक वाढतो. घरी आल्याआल्या मुलाच्या फोनवर ती तारीख दाखवून घ्या आणि लगेच कालनिर्णयावर लिहा.